साहेबाच्या बाजूची खुर्ची

“बसा. आधी तुमचीच परीक्षा घेऊन पाहू,” प्रोफेसरसाहेब म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. समोर पहिलीच्या मुलांचं बुटकं बाकडं होतं. माझ्या अंगात कोट होता. नवा नव्हता, पण पुण्याहून आणलेला, इस्त्रीचा. आतल्या खिशात बी.ए.च्या निकालाचं वर्तमानपत्रातलं कात्रण. मी उभाच राहिलो.

“बसा हो. लाजायचं काय त्यात?”

बसलो. गुडघे छातीला लागले. शाळेच्या पडवीत आमच्या वस्तीचे मॅनेजरसाहेब होते, गावातल्या शाळेचे एक मास्तर मदतीला आले होते, आणि भिंतीच्या कडेला आमच्या वस्तीतली पोरं उकिडवी बसली होती. पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या आया त्यांना माझं नाव सांगून अभ्यासाला बसवायच्या.

प्रोफेसरसाहेबांनी एक चपटी पेटी उघडली. बटण दाबलं की चालणारं आणि पुन्हा दाबलं की थांबणारं एक घड्याळ हातात घेतलं.

“आज वार कोणता?”

सांगितला.

“वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणा.”

म्हटले. वीस, एकोणीस, अठरा. गावातले मास्तर उपरण्याचं टोक तोंडावर धरून हसत होते. मग उजवा कान दाखवायला सांगितला. दाखवला. मग दोरीला गाठ मारायला सांगितली. मारली. मग त्यांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि माझं डोकं कपाळापासून मानेपर्यंत मोजलं. टोपी मला माझ्याच हातात धरायला लावली.

आकडा वहीत लिहून ते मॅनेजरसाहेबांकडे वळले. मी अजून बाकड्यावरच होतो.

“उत्तम आहे. पण हा अपवाद. अपवाद नमुन्यात धरायचा नसतो.”

“आम्ही घडवलाय तो,” मॅनेजरसाहेब हसत म्हणाले.

मीही हसलो. हे लिहायलाच हवं. मीही हसलो.

सोलापूरच्या कडेला, गिरण्यांच्या पलीकडे, आमची वस्ती होती. तिला सेटलमेंट म्हणत. भोवती तारेचं कुंपण. आमची जमात सरकारच्या यादीत होती. जन्माला आला तो गुन्हेगार, अशी ती यादी. जमातीचं नाव इथे लिहीत नाही. एकदा त्या यादीत लिहिलं गेलं, तेवढं पुरे.

सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा. फाटक उघडायचं. माणसं मोजून बाहेर, संध्याकाळी मोजून आत. त्याला हजेरी म्हणत. नाव पुकारलं की पुढे यायचं, दोन्ही हात समोर धरायचे, तळवे वर. हातात काही नाही हे दिसायला हवं. तीन वर्षांचं पोरदेखील कुणी अंगात कोट घातलेल्या माणसानं हाक मारली की हात पुढे करायचं. त्याला कुणी शिकवावं लागत नसे.

एक गोष्ट मात्र शिकवावी लागे.

मी चार-पाच वर्षांचा असेन. जमादार आमच्या खोपीपाशी आला. गोड बोलला. “बाप कुठं गेलाय रं?” मला माहीत होतं. मला उत्तर येत होतं. मी मोठ्यानं सांगितलं, “वळसंगला.” बाप आजारी बहिणीला बघायला, वस्तीबाहेर जायचा पास न काढता गेला होता. त्याला वळसंगच्या वेशीतून मारत आणलं. मग तुरुंगात. आईनं मला मारलं नाही. भाकरी दिली, शेजारी बसली आणि म्हणाली, “सायबानं काय बी इचारलं तर येकच बोलायचं. ठावं न्हाय. म्हन बगू.”

मी म्हटलं.

“आनि येकदा.”

ठावं न्हाय. ठावं न्हाय. लोक पोरांना आधी आई आणि बाबा म्हणायला शिकवतात. आमच्या घरोघरी त्याच्या जोडीला हे दोन शब्द शिकवायचे. वस्तीत आमची बोली वेगळी. पण हे दोन शब्द मराठीतच शिकवत, कारण ते साहेबाला कळायला हवेत.

मी त्यातून बाहेर पडलो. मॅनेजरसाहेबांनी मला बोर्डिंगात घेतलं, गावातल्या हायस्कुलात घातलं, पुण्याला कॉलेजात पाठवलं. हजेरीतून मला सूट मिळवून दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. ते नसते तर हे लिहिणारा हातच नसता. पुढचं वाचताना कुणाला मी कृतघ्न वाटलो तर इलाज नाही.

त्या वर्षी वरून पत्र आलं होतं. वस्तीतल्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग होते. दुसरीनंतर या मुलांना शिकवण्यात काही अर्थ आहे का, असा प्रश्न पत्रात होता. म्हणून मानसशास्त्राचे प्रोफेसर येणार होते. गावातली मुलं आणि आमची मुलं, दोन्हींची बुद्धी मोजून ते अहवाल देणार होते. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं.

“अहवाल चांगला आला तर तिसरी-चौथी राहील. नाहीतर पोरं दुसरीनंतर चटया विणायच्या शेडमध्ये. तू त्यांना मदत कर. मुलं तू निवडून दे. काम आवडलं तर ते तुला पुण्याला मदतनीस म्हणून घेतील. मी शब्द टाकलाय. माझं नाक कापू नकोस.”

माझ्या आक्काची मुलगी तुळशी त्या वर्षी दुसरीत होती.

मला आनंद झाला. खरंच झाला. मला वाटलं, शास्त्र आहे. शास्त्राला जात नसते. मोजपट्टी ब्राह्मणाच्या हातात काय आणि आमच्या हातात काय, तेवढंच मोजते. कॉलेजात मी असंच शिकलो होतो. मोजायला कुणाला बसवायचं हे कोण ठरवतं, ते पुस्तकात नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही गावातल्या शाळेत गेलो. तिथे हेडमास्तरांनी मुलं आधीच काढून ठेवली होती. पहिल्या नंबरापासून विसाव्यापर्यंत. न्हालेली, तेल लावलेली. प्रोफेसरसाहेबांनी आधी दोन प्रश्न सरावाचे विचारले, भीती जावी म्हणून. एक मुलगा शिंकत होता. “आज राहू दे, बाळ. बरं वाटलं की तुझी उद्या घेऊ,” असं म्हणून त्याला घरी पाठवलं. मला ते फार आवडलं. किती मायाळू माणूस, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ते वस्तीत आले. माझं डोकं मोजलं ते याच सकाळी. त्यानंतर म्हणाले, “चला, आता यादी करू. शाळेचा पट आणा.”

पट आणला. त्यांनी नियम सांगितला. “वाचता येणारी नकोत.”

मी विचारलं, “का?”

“वाचणारं मूल म्हणजे तुमच्यासारखं. सुधारलेलं. त्यानं जमातीचा नमुना बिघडतो. आपल्याला मूळ माल हवाय.”

मी मान हलवली. मला पटलं असं नाही. पण ते प्रोफेसर होते आणि मी पुण्याला त्यांचा मदतनीस होणार होतो. मी पट उघडला आणि एकेक नाव वाचून त्या पोराकडे बघितलं. ज्याला वाचता येत होतं, त्याच्या नावावर रेघ. अकरा रेघा मी मारल्या. उरलेल्यांपैकी वीस जणांची यादी स्वच्छ कागदावर लिहून काढली.

“अक्षर फार सुंदर आहे तुमचं,” प्रोफेसरसाहेब म्हणाले.

ज्यांना काढलं त्यांना उठवायचं काम माझंच. जे मूल परीक्षेला बसेल त्याला शेंगदाण्याचा लाडू मिळणार होता, त्यामुळे उठायला कुणी तयार नव्हतं. मारुती नावाचा एक मुलगा होता, चौथीतला. गिरणीच्या कंपाउंडावर लिहिलेलं सगळं वाचायचा. मोठ्या माणसांना वाचून दाखवायचा. तो शेवटपर्यंत हलला नाही. मला म्हणाला, “आमी शाणं हाय म्हनून न्हाय घेतलं का?”

मी म्हटलं, “गप जा.”

तो गेला. वळून बघितलं नाही त्यानं. त्याचा तो प्रश्न माझ्या मागे लागला. रस्त्यानं चालताना मागून कुणी लहान पोर बोललं की अजून माझे पाय थांबतात.

एका नावावर मात्र मी रेघ मारली नाही. तुळशी. पटावर तिच्यापुढे वस्तीच्या शाळेतल्या मास्तरांनी ‘मंद’ लिहिलं होतं. ती मंद नव्हती. माझी पुण्याहून आलेली पत्रं तीच आक्काला वाचून दाखवायची. सुट्टीत मीच तिला शिकवलं होतं. पण ज्या मुलीला वाचता येतं तिला बोर्डिंगात नेतात, आईपासून तोडून, एवढं आक्काला ठाऊक होतं. म्हणून तुळशी शाळेत तोंड मिटून बसायची. मला हे सगळं माहीत होतं आणि मी ते प्रोफेसरसाहेबांना सांगितलं नाही. मला वाटलं, ती एकटी उभी राहील. फडाफडा उत्तरं देईल. तिच्यामुळे शाळा वाचेल. माझ्या सगळ्या रेघा त्या एका नावाखाली झाकल्या जातील.

पडवीत टेबल मांडलं. टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या. एक त्यांची, एक माझी. समोर जमिनीवर गोणपाट, त्यावर मूल. सरावाचे प्रश्न विचारले नाहीत. मी आठवण केली, तर म्हणाले, “वेळ नाही. आणि यांना भीती कसली?”

पहिला मुलगा आला. आला तोच हात पुढे करून, तळवे वर. प्रोफेसरसाहेबांनी वहीत लिहिलं. मी तिरक्या नजरेनं वाचलं: ‘मागण्याची सवय.’

मी पुढचा कागद सरकवला.

“बाळ, तुझ्या हाताला बोटं किती?”

मुलानं बोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जमिनीकडे.

“ठावं न्हाय.”

“तुझ्या गावाचं नाव काय?”

“ठावं न्हाय.”

“तू मुलगा आहेस की मुलगी?”

“ठावं न्हाय.”

गावातले मास्तर मोठ्यानं हसले. घड्याळाचं बटण वाजलं. शून्य.

दुसरा आला. ठावं न्हाय. तिसरी आली. तिचे डोळे आले होते, चिपडांनी मिटलेले. तिला चित्र दाखवून विचारलं, यात काय चुकलंय. तिला चित्रच दिसत नव्हतं. मी म्हटलं, “साहेब, हिची उद्या घेऊ या का?” ते म्हणाले, “यांच्यात हे नेहमीचंच असतं. असू दे.” शून्य.

ती सगळी पोरं मला ओळखीची. एकजण आक्काच्या शेजारचा, वयानं सातच, पण गिरणीतून येणाऱ्या माणसांच्या चालीवरून सांगायचा कुणाचा पगार कापलाय. त्याला विचारलं, दोन आणि दोन किती. ठावं न्हाय. मला कळत होतं काय चाललंय. त्या पडवीत एकट्या मलाच कळत होतं. आया घरात बसून काय शिकवतात ते मी उठून सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण मी पेन्सिलीला टोक करत बसलो. पुण्याचं काम. मॅनेजरसाहेबांचा शब्द. आणि अजून तुळशी यायची होती.

तुळशी आली. केस पाण्यानं बसवलेले. मी तिच्याकडे बघून थोडा हसलो. तिनं ओळख दाखवली नाही.

“मुली, हे काय आहे?” त्यांनी किल्ली दाखवली.

ती माझ्याकडे बघत राहिली. नीट, सरळ. हात पुढे केलेले होते, ते तिनं हळूच मागे घेतले आणि पाठीमागे मुठी मिटल्या. मी मान हलवली. बोल, म्हणून.

“ठावं न्हाय,” तुळशी म्हणाली.

एकूण एक प्रश्नाला.

संध्याकाळी मी आक्काच्या खोपीत गेलो. मला राग आला होता. माझा राग तुळशीवर होता, यापेक्षा वाईट काय लिहू. मी विचारलं, “तुला किल्ली म्हाईत न्हाय व्हय गं? नाक कापलंस माझं.” वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं की ते माझं नव्हतं, मॅनेजरसाहेबांचं होतं.

तुळशी चुलीपाशी काटक्या मोडत होती. वर न बघता म्हणाली, “मला ठावं व्हतं की.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू तिकडं बसला व्हतास.”

मी म्हटलं, “मी हाय म्हनूनच बोलायचं व्हतं. मी तुजा मामा हाय.”

“मामा हितं. तितं तू सायबाच्या बाजूला व्हतास.”

आक्का भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. “पोर बरोबर बोलतिया,” ती म्हणाली. “तू शिकलास, लई चांगलं झालं. पर आज समदी पोरं घरी येऊन तेच सांगत्यात. मामानं नावं लिवली. मामा टेबलामागं व्हता. आपल्या आईनं तुला जे शिकिवलं तेच आमी ह्यास्नी शिकिवलं. कोटवाल्याला ठावं न्हाय म्हनायचं. तुज्या अंगात काय हाय बग की.”

मी बघितलं. कोट.

भाकरी तशीच ठेवून मी बाहेर आलो. तारेपाशी बराच वेळ उभा राहिलो. गिरणी सुटली होती, माणसं फाटकातून आत येत होती, हात पुढे धरून. माझे हात कोटाच्या खिशात होते.

तिसऱ्या दिवशी थोडी मुलं उरली होती. मी मॅनेजरसाहेबांना विनंती केली, तुळशीची एकदा पुन्हा घ्या, काल घाबरली होती. गावातल्या शिंकणाऱ्या मुलाची आठवण दिली. प्रोफेसरसाहेब कंटाळले होते, पण हो म्हणाले.

मी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग टेबलाला वळसा घालून गोणपाटावर तुळशीशेजारी बसलो. मांडी घालून.

“हे काय?” प्रोफेसरसाहेब म्हणाले.

“इथून बरं दिसतं, साहेब.”

मग तुळशीला आमच्या बोलीत मी एवढंच सांगितलं की हा माणूस जमादार नाही, तुझ्या उत्तरावरून कुणाला नेणार नाहीत, आणि वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. आजवर त्या पोरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

“हे काय आहे?”

“किल्ली.”

“वीसपासून उलटे आकडे.”

तिनं म्हटले. माझ्यापेक्षा भरभर. चित्रातली चूक सांगितली, दोरीला गाठ मारून पुन्हा सोडूनही दाखवली. गावातले मास्तर पुढे सरकून बघू लागले. मग प्रोफेसरसाहेबांनी छापील कागदावरचा प्रश्न विचारला. “समज, रस्त्यात कुणाची तरी थैली पडलेली दिसली. तर काय करशील?”

“हात लावनार न्हाय. लांबनं जाईन.”

“का?”

“हात लावला की बापाला नेत्यात.”

त्यांनी कागद पाहिला. पुन्हा विचारलं, समजावून. “तसं नव्हे. ज्याची थैली त्याला परत देशील की नाही?”

तुळशीनं त्यांच्याकडे बघितलं. या मोठ्या माणसाला इतकं साधं कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“द्याला उचलावी लागंल की,” ती म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. प्रोफेसरसाहेबांनी वहीत शून्य लिहिलं.

मी म्हटलं, “साहेब, उत्तर बरोबर आहे.”

“उत्तर यादीत नाही. मालकाला देईन, किंवा पोलिसाला देईन. ही दोनच.”

“आमच्यातल्या मुलानं थैली घेऊन पोलिसाकडे जावं?”

त्यांनी कागद मागेपुढे केले. मग म्हणाले, “काल सगळी शून्यं आणि आज एवढं? ही मुलगी पढवलेली आहे. हिला वगळा.” आणि थोड्या वेळानं, बहुतेक स्वतःशीच, “किंवा अपवाद.”

भिंतीकडची पोरं हे बघत होती. कालचा तो सात वर्षांचा उठला आणि म्हणाला, “च्यार. दोन आनि दोन च्यार.” दुसरा म्हणाला, “मला बी इचारा.” मग तिसरी. हात कुणीच पुढे केले नव्हते. प्रोफेसरसाहेबांनी पेटी मिटली. “नमुना बिघडला. कालचेच आकडे धरतो,” म्हणाले.

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझी यादी वर टाचलेली. खाली एक ओळ: ही मुले मी कोणताही पक्षपात न करता जमातीचा खरा नमुना म्हणून निवडली आहेत. खाली सहीची जागा. पुढे छापायला माझी पदवी.

“तुमच्याच माणसानं निवडली म्हटलं की कुणाला शंका राहत नाही,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं मला कशासाठी आणलं होतं. मी उत्तम आहे म्हणून नव्हे. माझ्या अक्षरासाठीही नव्हे. मी गोणपाटावर बसून वर बघितलं. खालून ते टेबल फार उंच दिसतं.

मी म्हटलं, “मीच निवडली, हे खरं आहे. कशी निवडली ते वर लिहा. वाचणारी अकरा काढली. डोळे आलेली ठेवली. गावातली पहिल्या नंबरापासून घेतली आणि त्यांना सराव दिला, आमच्यांना नाही. आमची मुलं साहेबाला उत्तर देत नाहीत, कारण उत्तर दिलं की बाप जातो. एवढं लिहा. खाली मी सही करतो.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मॅनेजरसाहेब मला बाहेर घेऊन गेले. ओरडले नाहीत. “पोटच्या पोरासारखं वाढवलं तुला. खाल्ल्या मिठाला जागला नाहीस.”

मी मान खाली घातली. पण सही मी केली नाही.

सही मॅनेजरसाहेबांनी केली. अहवाल गेला. आणि यादी माझ्याच अक्षरात गेली. त्या दिवशी ती फाडायला हवी होती. सुचलंच नाही. सुंदर अक्षरातली ती वीस नावं कुठल्या तरी कपाटात आहेत, आणि जो कुणी ती वाचेल त्याला वाटेल, आमच्या पोरांची अक्कल ती एवढीच.

तिसरी आणि चौथी बंद झाली. मारुती गिरणीत लागला. तुळशी चटयांच्या शेडमध्ये बसली. माझी हजेरीची सूट गेली. पहिल्या संध्याकाळी कारकुनानं माझं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट, पदवीशिवाय. मी पुढे गेलो. हात पुढे करायची सवय मोडली होती, पण हातांना आठवण होती. ते आपोआप वर झाले. पुढच्या रांगेतून तुळशीनं मागे वळून बघितलं. तिच्या बघण्यात दया नव्हती. मामा इकडे आला, एवढंच तिनं नोंदलं.

मारुतीला मी बरेच दिवस चुकवलं. शेवटी गिरणीच्या फाटकाशी गाठलं. म्हटलं, “मारुत्या, तू इचारलं व्हतंस ते खरं व्हतं. शाणा व्हतास म्हनूनच काढलं. मी काढलं.”

तो रुमालानं मानेवरचा कापूस झटकत होता.

“मला तवाच ठावं व्हतं,” तो म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याला अजून मी नको आहे. त्याचं बरोबर आहे. त्यानं मला माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही.

आता शेड सुटल्यावर, हजेरीच्या आधी, मी पोरांना शिकवतो. शेडच्या मागे, जमिनीवर. ज्यांना यायचं ती सगळी. कुणाचं नाव मी निवडत नाही, कुणाच्या नावावर रेघ मारत नाही. खुर्ची नाही. पेटी घेऊन पुन्हा कुणीतरी येईल. आमची डोकी, आमचे दात, आमची स्वप्नं मोजायला येईल, आणि आमच्यातलाच एखादा शिकलेला शोधून शेजारी बसवेल. तो मी असणार नाही. मला कुणी अपवाद म्हटलं तर मी आधी त्याला त्या अकरा जणांची नावं सांगेन. सगळी पाठ आहेत.

आणि आईनं शिकवलेलं ते वाक्य मी बदललं आहे. पाढ्यांच्याही आधी तेच म्हणून घेतो. हात पुढे न करता, सरळ उभं राहून, साहेबाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं:

“ठावं हाय. पर कशापायी इचारताय, ते आदी सांगा.”

आणि एकदा, म्हणतो मी. आणि एकदा.